वनस्पती आणि सूक्ष्मजीवांची रसायनशाळा

मेथीची जुडी, चहाचा पेला, तंबाखूचे पान आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून गरोदर मातेला मिळणारी लोह व फॉलिक अम्लाची गोळी या चार वस्तूंचा परस्परांशी काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटणार नाही. तथापि वनस्पतींच्या आणि सूक्ष्मजीवांच्या पेशींत चालणारे रासायनिक कार्य समजून घेतले, तर हा संबंध स्पष्ट होतो. आपल्या आहारातील ब गटाची जीवनसत्त्वे आणि अनेक मोलाची औषधे ही एकाच रसायनशाळेत, पुष्कळदा एकाच कच्च्या मालापासून तयार होतात. ही रसायनशाळा आपल्या शेतात, परसात, रानात आणि पिठाच्या आंबवणातही अखंड चालू असते. तिची ओळख करून घेणे हे केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. गावाच्या आरोग्याचा आणि वनसंपत्तीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल.

जीवनसत्त्वे आणि अल्कलॉइडे

ब गटात आठ जीवनसत्त्वे मोडतात. पेशीतील प्रत्येक रासायनिक क्रिया विकर नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने घडते, आणि अनेक विकरांना मदतनीस लागतो. ब गटातील जीवनसत्त्वे पेशीत गेल्यावर हे मदतनिसाचे काम करतात. वनस्पती ती आपल्यासाठी बनवीत नाहीत. त्यांनाही जगण्यासाठी ती लागतात म्हणून बनवितात. मनुष्याने मात्र ही कला बहुतांशी गमावली आहे. म्हणून ती त्याला अन्नातून मिळवावी लागतात.

अल्कलॉइडांची गोष्ट वेगळी आहे. ही नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू आणि अल्प प्रमाणातही तीव्र परिणाम करणारी द्रव्ये होत. सिंकोना झाडाच्या सालीतील क्विनीन, अफूतील मॉर्फीन, तंबाखूतील निकोटीन व चहातील कॅफीन ही त्यांची परिचित उदाहरणे. वनस्पतीला शत्रूपासून पळून जाता येत नाही. कीड, बुरशी व चरणारी जनावरे यांपासून बचाव करण्यासाठी तिने अल्कलॉइडांचे शस्त्र तयार केले आहे.

एका खोडाच्या दोन फांद्या

तंबाखूच्या झाडाचे उदाहरण घेऊ. ॲस्पार्टिक अम्ल या साध्या ॲमिनो अम्लापासून वनस्पती काही टप्प्यांनी क्विनोलिनिक अम्ल तयार करते. त्यापासून पुढे निकोटिनिक अम्ल, म्हणजेच ब-३ जीवनसत्त्व, मिळते. येथपर्यंतचा मार्ग सर्वच वनस्पतींत सारखा आहे. तंबाखूमध्ये मात्र त्याला एक फाटा फुटतो. निकोटिनिक अम्लापासून आलेले एक वलय आणि ऑर्निथीन या ॲमिनो अम्लापासून आलेले दुसरे वलय जोडले जाऊन निकोटीन तयार होते. हे काम मुळांत चालते आणि तयार माल पाण्याबरोबर पानांत पोहोचतो. पानाला कीड लागली, की तेथून मुळांकडे संदेश जातो व उत्पादन वाढते. जीवनसत्त्वाचा एवढा जवळचा नातलग असूनही निकोटीन हे विषच आहे व तंबाखूच्या व्यसनाचे मूळही तेच आहे, याचा विसर पडता कामा नये.

मेथीने याच निकोटिनिक अम्लाला दुसरे रूप दिले आहे. त्यावर एक मिथिल गट चढविला, की ट्रायगोनेलीन हे निरुपद्रवी अल्कलॉइड तयार होते. मेथीच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव मिळाले. कॉफीच्या बियांतही ते असते. बिया भाजताना त्याचा काही भाग पुन्हा ब-३ जीवनसत्त्वात रूपांतरित होतो. चहाच्या पानातील कॅफीन आणि हिरव्या पाल्यातील फॉलिक अम्ल व ब-२ यांचेही असेच आहे. या सर्वांचा आरंभ पेशीतील प्यूरीन गटाच्या द्रव्यांपासून होतो.

सदाफुलीच्या पानात

अंगणातील सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्या पानांतून १९५८ साली कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरील अल्कलॉइड मिळविले. ते तयार होण्याचा मार्ग तीसहून अधिक टप्प्यांचा आहे. ट्रिप्टोफॅन या ॲमिनो अम्लापासून प्रथम ट्रिप्टामीन होते. त्याचा सेकोलोगॅनीन या दुसऱ्या द्रव्याशी संयोग झाला, की पुढील अल्कलॉइडांची मालिका सुरू होते. हे सर्व टप्पे एकाच पेशीत पार पडत नाहीत. काही शिरांलगतच्या पेशींत, काही पानाच्या बाह्य त्वचेत, तर शेवटचे चिकाच्या विशिष्ट पेशींत पूर्ण होतात. विशेष म्हणजे ट्रिप्टामीन बनविणाऱ्या विकराला ब-६ जीवनसत्त्वाची मदत लागते. जीवनसत्त्वावाचून हे औषधही तयार होऊ शकत नाही, असा याचा अर्थ होतो.

एवढा खटाटोप होऊनही एक ग्रॅम व्हिनब्लास्टीनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात. म्हणून शास्त्रज्ञ यीस्टकडे वळले. २०२२ साली सदाफुलीच्या विकरांची जनुके यीस्टमध्ये घालून व्हिनब्लास्टीनचे दोन्ही घटक त्याच्याकडून तयार करून घेण्यात आले व नंतर ते रासायनिक रीतीने जोडण्यात आले. वनस्पतीची विद्या सूक्ष्मजीवाला शिकविण्याचा हा प्रयोग आहे. तथापि ती विद्या मुळात वनस्पतीचीच, हे लक्षात ठेवावयास हवे.

सह्याद्रीतील नरक्या

नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्‌रो वॉल यांच्यासमवेत काम करून १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसीन हे अल्कलॉइड शोधून काढले. त्याचा आरंभही ट्रिप्टोफॅनपासूनच होतो. पुढे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी हेच द्रव्य आपल्याकडील एका झाडात असल्याचे दाखवून दिले. ते झाड म्हणजे सह्याद्रीतील नरक्या. त्याच्या दुर्गंधीमुळे हे नाव पडले आहे. कॅम्प्टोथेसीनपासून बनविलेली दोन औषधे १९९६ पासून आतडे, बीजांडकोश व फुप्फुस यांच्या कर्करोगावर वापरात आहेत.

या कीर्तीची किंमत नरक्याला मोजावी लागली. द्रव्य खोडात व मुळांत असल्याने झाड तोडून, प्रसंगी मुळासकट उपटून नेले जाते. ज्या माणसाच्या हाती कोयता असतो त्याला मिळणारी मजुरी आणि त्या लाकडाचे अंतिम मोल यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. २००५ साली नरक्याच्या अंतर्सालीत राहणाऱ्या एका बुरशीकडूनही कॅम्प्टोथेसीन तयार होत असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखविले. झाड न तोडता औषध मिळविण्याची आशा त्यामुळे निर्माण झाली. परंतु अशा बुरशी झाडापासून वेगळ्या करून प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्या, की त्यांचे उत्पादन घटत जाते असा अनुभव आहे. झाड व बुरशी यांचा हा सहवास तुटला, की विद्याही मंदावते. झाड नाहीसे झाले तर त्याच्या आश्रयाने राहणारे हे कारागीरही नाहीसे होतील.

मुंबईत सापडलेला धागा

आता जीवनसत्त्वांकडे वळू. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. गिरणी कामगारांच्या वस्तीतील गरोदर स्त्रियांना एक प्रकारचा गंभीर रक्तक्षय होत असे. त्याचे कारण निकृष्ट आहारात आहे, हे त्यांनी ओळखले आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ साली प्रसिद्ध केले. तो गुणकारी घटक म्हणजे फॉलिक अम्ल. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले व लॅटिन भाषेतील ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. १९४५ च्या सुमारास डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले. आज गरोदर मातेला दिली जाणारी गोळी ही या शोधाचीच देणगी आहे.

ते बनविण्यासाठी वनस्पतीची पेशी आपल्या तीन वेगवेगळ्या विभागांत तीन भाग जुळवून आणते. जीवाणूही ते बनवितात. सल्फा औषधे जीवाणूंचे हेच काम बंद पाडतात. मनुष्य फॉलिक अम्ल बनवीतच नसल्याने त्याला त्या दृष्टीने अपाय होत नाही.

जे एकही वनस्पती बनवीत नाही

आठ जीवनसत्त्वांपैकी सात वनस्पती बनवितात. आठवे, म्हणजे ब-१२, केवळ काही जीवाणू व त्यांच्यासारखे अतिसूक्ष्म जीव बनवितात. त्याच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा अणू असतो. हे द्रव्य प्रयोगशाळेत घडविण्यास शंभराच्या आसपास रसायनशास्त्रज्ञांना दशकाहून अधिक काळ लागला व १९७२ साली ते काम पुरे झाले. डोळ्यांना न दिसणारा जीवाणू मात्र हे काम सहज करतो. म्हणून औषधी कारखान्यांतही ते जीवाणूंकडूनच करून घेतले जाते. गाईम्हशींच्या पोटातील जीवाणूंनी बनविलेले ब-१२ दुधात उतरते. मांस, मासे व अंडी यांतूनही ते मिळते. दूधही न मिळणाऱ्या शाकाहारी कुटुंबात त्याची उणीव होण्याचा धोका असतो. पालेभाजी कितीही खाल्ली तरी ती भरून निघत नाही. अशा वेळी केवळ फॉलिक अम्लाने रक्त सुधारले, तरी मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. म्हणून रक्तक्षयाचे कारण डॉक्टरांकडून तपासून घेणे अगत्याचे आहे.

आपले कर्तव्य

या माहितीचा उपयोग गावपातळीवर सहज करता येईल. ब गटाची जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. म्हणून पालेभाजी चिरण्यापूर्वी धुवावी आणि शिजविलेले पाणी फेकून देऊ नये. भाताच्या कोंड्याजवळील ब-१ अधिक सडल्याने नष्ट होते. उलट कोकणात व गोव्यात खाल्ल्या जाणाऱ्या उकड्या तांदळात ते आतल्या दाण्यापर्यंत मुरते. शाळांच्या परसबागेत मेथी, माठ व पालक असावेत आणि शिक्षकांनी त्यांच्या निमित्ताने हे शास्त्र मुलांना सांगावे.

वनसंपत्तीच्या बाबतीत पंचायतींची जबाबदारी मोठी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करावयाची आहे. नरक्यासारखी झाडे कोठे व किती आहेत याची नोंद त्या वहीत झाली पाहिजे. तोड होत असल्यास ती कोण करतो व माल कोठे जातो याची चौकशी व्हावी. रोपवाटिकेत त्याची रोपे तयार करून लागवडही करता येईल. ही वही केवळ कपाटात ठेवण्यासाठी नसते.

एखादे झाड निरुपयोगी किंवा दुर्गंधी म्हणून तोडले जाते तेव्हा त्याच्या पेशींत कोणती विद्या साठविलेली होती हे आपल्याला ठाऊक नसते. नरक्याची विद्या आपल्याला वेळीच कळली. ज्या झाडांची अद्याप कळावयाची आहे, ती तोपर्यंत उभी राहतील याची काळजी घेणे आपल्याच हाती आहे.