स्ट्रॉबेरीतील फिसेटिन : आहार की औषध?

गतवर्षी आमच्या बाह्यरुग्ण विभागात तासगावकडील एक वयस्क भगिनी पायाची जखम दाखविण्यास आल्या. चौकशीअंती कळले, की मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी दोन महिने बंद ठेवल्या होत्या आणि मुलाने मोठ्या मायेने आणून दिलेल्या ‘फिसेटिन’च्या कॅप्सूल त्या नेमाने घेत होत्या. त्याच सुमारास एका हितचिंतक देणगीदारांनी, याच कॅप्सूल गरीब रुग्ण औषधनिधीतून वृद्धांना द्याव्यात, अशी सूचना केली. दोन्ही प्रसंगांमागे प्रश्न एकच असल्याने यंदा या पानावर त्याचा विचार करीत आहोत.

फिसेटिन हे फ्लॅव्होनॉइड वर्गातील वनस्पतिजन्य द्रव्य होय. लॅटिन भाषेत ‘फ्लॅव्हस’ म्हणजे पिवळा. या वर्गातील अनेक द्रव्ये पिवळी असल्याने हे नाव पडले. (सांगलीच्या हळदीतील कर्क्युमिनही पिवळे, परंतु ते या वर्गात मोडत नाही.) तपासलेल्या फळभाज्यांत फिसेटिन सर्वाधिक आढळले ते स्ट्रॉबेरीत, ग्रॅममागे सुमारे १६० मायक्रोग्रॅम. सफरचंदात ते सुमारे २७, कांद्यात ५ व द्राक्षांत ४ मायक्रोग्रॅम भरते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले असल्याने, या द्रव्याविषयी आपल्या भागात विशेष कुतूहल असणे स्वाभाविक आहे.

या कुतूहलास शास्त्रीय आधार नाही असे नव्हे. नेदरलँड्समधील झुटफेन येथे ८०५ वृद्ध पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवण्यात आली. चहा, कांदा व सफरचंद यांतून अधिक फ्लॅव्होनॉइड घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळल्याचे १९९३ साली प्रसिद्ध झाले. अर्थात असे लोक इतर बाबतींतही आरोग्य जपणारे असू शकतात; निव्वळ निरीक्षणावरून कारण सिद्ध होत नाही. पुढे २०१८ साली अमेरिकन संशोधकांनी दहा फ्लॅव्होनॉइडांची तुलना केली. शरीरात साचणाऱ्या जीर्ण पेशी घटविण्यात फिसेटिन सर्वांत प्रभावी ठरले आणि उतारवयात ते दिलेले उंदीर अधिक जगले. कॅप्सूलच्या जाहिराती बहुधा येथेच थांबतात. त्यानंतरची हकिकत अशी, की अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात तीन प्रयोगशाळांनी उंदरांवर स्वतंत्र चाचणी घेतली. २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत, वापरलेल्या मात्रेने आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही.

आता मात्रेचा हिशेब पाहू. मेयो क्लिनिकने वृद्धांवर हाती घेतलेल्या चाचण्यांत शरीराच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम फिसेटिन, लागोपाठ दोन दिवस, अशी मात्रा ठरविण्यात आली. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस ती दिवसाला १,२०० मिलिग्रॅम होते. एवढे फिसेटिन फळांतून मिळवायचे तर रोज साडेसात किलो स्ट्रॉबेरी खावी लागेल! शंभर ग्रॅमच्या वाटीत ते जेमतेम १६ मिलिग्रॅम असते. त्यातही आतडे व यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करीत असल्याने मूळ स्वरूपात रक्तात फारच थोडे पोहोचते. म्हणजे फळाचे गुण कॅप्सूलला चिकटवता येत नाहीत आणि कॅप्सूलचे दावे फळाला. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी अशी कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

फळ म्हणून मात्र स्ट्रॉबेरी उत्तमच. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि साखर अवघी पाच ग्रॅमच्या आसपास. तासगावचा बेदाणा आम्हा सर्वांच्या आवडीचा, पण वाळल्याने त्यात साखर वजनाच्या निम्म्याहून अधिक असते व पोटॅशियमही भरपूर. मधुमेही आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तो मोजूनच खावा. स्ट्रॉबेरीचा जॅम व सरबत यांतील साखरेबद्दल वेगळे सांगावयास नको.

औषधनिधीतून फिसेटिन न देण्याचे आम्ही ठरविले. देणगीदारांना हा सर्व हिशेब दाखविला, तेव्हा त्यांनीच आपली रक्कम इन्सुलिन व रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी वापरण्यास आनंदाने संमती दिली. त्या भगिनींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. जखम भरण्यास बरेच आठवडे लागले. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारले, “मग आता स्ट्रॉबेरीसुद्धा नको का?” हंगामात वाटीभर, साखर न घालता, अवश्य खा, असे आम्ही त्यांना सांगितले.