एफ पुसला जात नाही, पातळ होतो

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर दोष माझा, बरोबर असेल तर श्रेय संपादक मंडळाचं.

आमच्या लेडीज हॉस्टेलवर प्रत्येक सीनिअर प्रत्येक ज्युनिअरला एक वाक्य ऐकवते, "एफईचे मार्क्स पुढे कोणी विचारत नाही गं!" एम-टूमध्ये माझी केटी लागली तेव्हा मलाही हेच ऐकवलं गेलं, आणि मी मेसचा दोन वाट्या शिरा खाऊन शांत झोपले. या दिवाळीत न्यू जर्सीहून माझी मावसबहीण आली. ती मेकॅनिकल इंजिनिअर, आणि आता तिथेच मेडिकलला आहे. मी तिला आमचं हे वाक्य सांगितलं. ताई हसली, मग तिने लॅपटॉप उघडून एक एक्सेल शीट दाखवली. हा लेख त्या शीटबद्दल आहे.

आपल्याकडे बारावी, नीट, एमबीबीएस अशी सरळ रांग असते. नीटचा रँक चांगला असला की बारावीत काय दिवे लावले ते फारसं कोणी पाहत नाही, ओपनला पीसीबीत ५० टक्के असले की पुरे. अमेरिकेत मात्र आधी साधारण चार वर्षांचं कॉलेज, मग मेडिकल. कॉलेजात विषय कुठलाही घ्या, इंजिनिअरिंग घ्या नाहीतर संगीत, पण बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स हे कोर्स लॅबसकट झालेले हवेत. वर एमकॅट नावाची ४७२ ते ५२८ गुणांची परीक्षा. २०२३ साली एमडीसाठी सुमारे साडेबावन्न हजार जणांनी अर्ज केले, त्यातले जवळपास २३ हजार आत गेले. आत गेलेल्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी ३.७७ होता.

आता ताईची गोष्ट. पहिल्या वर्षी घर सुटलं, डोकं फिरलं (शब्द तिचेच), आणि कॅल्क्युलस-टूमध्ये एफ, फिजिक्समध्ये सी. पुढच्या वर्षी कॅल्क्युलस परत घेतलं आणि ए-मायनस मिळवला. तिला वाटलं, चला, सुटलो. कॉलेजच्या मार्कशीटवर तर तो एफ जीपीएत धरलेलाही नव्हता.

पण एमडीचे बहुतेक अर्ज ॲमकास नावाच्या एकाच सेवेतून जातात आणि ती आपला हिशोब स्वतः करते. तुमचं कॉलेज काय धरतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. विषय पुन्हा घेतला तर दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. म्हणजे चार क्रेडिटचा एफ शून्य, चार क्रेडिटचा ए-मायनस ३.७, सरासरी १.८५. झालं! आपल्याकडे केटी सुटली की नवे मार्क्स धरतात, त्यामुळे हे ऐकून मला घामच फुटला. ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची वेगळी सेवा आहे. ती पूर्वी फक्त शेवटची ग्रेड धरायची, पण २०१७ पासून तिनेही ती सवलत बंद केली.

लपवायचीही सोय नाही. ताईने एका उन्हाळ्यात घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात एक कोर्स घेऊन अर्धवट सोडला होता. तो डब्ल्यू जीपीएत येत नाही, पण दिसतो. जिथे जिथे नाव घातलं त्या प्रत्येक कॉलेजची अधिकृत मार्कशीट पाठवावी लागते आणि अर्जात कोर्सन्‌कोर्स भरावा लागतो. ते लोक ओळ न्‌ ओळ ताडून बघतात. (आपलं सबमिशन बरं म्हणायचं, तिथे निदान सर फक्त सही करतात.)

आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे. ॲमकास दोन जीपीए वेगळे काढते, एक बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा, दुसरा बाकी सगळ्याचा. इंजिनिअरिंगचे कोर्स 'बाकी सगळ्यात' जातात! ताईचे थर्मो आणि मशीन डिझाईनमधले ए तिकडे जाऊन बसले, आणि कॅल्क्युलसचा एफ, फिजिक्सचा सी सायन्सच्या खात्यात. आपण ज्यासाठी रात्री जागतो ते त्यांच्या लेखी सायन्स नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

आता शीट. पहिल्या वर्षी ३० क्रेडिट, जीपीए २.३, म्हणजे ६९ पॉइंट. पुढच्या तीन वर्षांत ९० क्रेडिट, ३.८ ने, म्हणजे ३४२. एकूण ४११ भागिले १२०, उत्तर ३.४३. तीन वर्षं जवळजवळ सगळे ए, आणि उत्तर ३.४३! एवढ्यावर तिने पहिल्यांदा अर्ज केला आणि एकाही कॉलेजने इंटरव्ह्यूला बोलावलं नाही. मग तिने शीटला विचारलं, ३.६ ला पोचायला किती क्रेडिट निव्वळ ए हवेत? उत्तर आलं साडेबावन्न. म्हणजे साडेतीन सेमिस्टर, एकही बी न येता. इनर्शियाच समजा. जितकी क्रेडिट मागे साठली, तितकं गाडं हलवायला जड.

तिने नोकरी करत संध्याकाळी ३६ क्रेडिट केले, सगळे ए. ५५५ भागिले १५६, ३.५६. पदवीनंतरचे असे साधे कोर्स मूळ जीपीएत मिसळतात, मास्टर्सच्या ग्रेड मात्र वेगळ्या दाखवल्या जातात, त्या मिसळत नाहीत. हे न कळल्यामुळे पैसे घालवलेले लोक तिला भेटलेत. दुसऱ्या खेपेला दोन इंटरव्ह्यू आणि एक सीट. त्यातल्या एका इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न होता, "पहिल्या वर्षी काय झालं?" ॲमकास जीपीए वर्षावार मांडते, त्यामुळे खालून वर गेलेली रेघ त्यांना दिसते. तीच रेघ उलटी असती तर, ताई म्हणाली, सरासरी तेवढीच असूनही तिला कोणी विचारलं नसतं. हे तिचं मत. मला खरं वाटतं.

टेक्सासात एक गंमत आहे. तिथल्या रहिवाशांना तिथल्या सरकारी कॉलेजांसाठी दहा वर्षांपूर्वीचे कोर्स बाजूला ठेवता येतात. पण ठेवले तर सगळेच, त्यात चांगलेही गेले.

हे रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, "मग बी.ई. करून मी थेट तिकडेच जाते मेडिकलला." बाई, आपल्या मार्कशीटचा ॲमकास जीपीएच काढत नाही, आणि बहुतेक कॉलेजांना कोर्स अमेरिका किंवा कॅनडातलेच लागतात. परदेशी विद्यार्थ्यांना जागा देणारी कॉलेजं तर मोजकीच. तिला खरंच डॉक्टर व्हायचं असेल तर इथलाच रस्ता जवळचा आहे. तिने अकरावीला बायॉलॉजी सोडलं होतं, पण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून बायॉलॉजी दिलेल्यांनाही नीटसाठी पात्र ठरवलं. तिथे तिचे एफईचे मार्क्स खरोखरच कोणी विचारणार नाही. ती सध्या यावर गप्प आहे आणि लायब्ररीतून बायॉलॉजीचं पुस्तक आणून उशीखाली ठेवते.

ताईने जाताना ती शीट मला मेल केली. मी तिची नावं खोडून माझे विषय भरले. एम-टूच्या ओळीत अजून काही लिहिलेलं नाही, पेपर पुढच्या मंगळवारी आहे.