मनन, लेखणी आणि नित्यनेम : लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रावरून एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : स्तोत्र 119:1-16, यिर्मया, अध्याय 36 व 45, लूक 2:15-20.

खेड्यांतील मंडळ्यांत फिरताना एक वाक्य मला वारंवार ऐकावे लागते. उपासनेच्या आधी एखाद्या बंधूस म्हणावे, "आज आपण दोन शब्द बोला," तर तो लागलीच हात जोडून म्हणतो, "पाळकसाहेब, आम्ही अडाणी माणसे. आम्हांला काय बोलता येणार?" तोच गृहस्थ त्याच आठवड्यात घोडेगावच्या बाजारात बैलजोडीचा सौदा करताना अर्धा तास न अडखळता बोललेला असतो! भगिनींची गोष्ट तर विचारावयास नको. आणि आमचे कित्येक धर्मशिक्षक, ज्यांनी वीस वीस वर्षे सेवा केली आहे, तेही छापील उपदेशाचे पान उघडून ते जसेच्या तसे वाचून दाखवितात. ह्यास आपण नम्रता म्हणतो. माझ्या मते ते बहुतांशी भय आहे, आणि नम्रतेचे पांघरूण घालून आपण ते झाकीत असतो.

हे मी दुसऱ्यांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर पहिली दोन वर्षे मीही जे उपदेश केले ते बहुतेक इतरांच्या टिपणांवरून. एका पावसाळ्यात मंडळीतील एक तान्हे मूल वारले. कबरेपाशी उभा राहून मी त्या प्रसंगासाठी उतरून घेतलेले तीन मुद्दे वाचले. मुलाची आई माझ्याकडे पाहत होती. त्या तीन मुद्द्यांतील एकही माझा नव्हता, हे तिच्या ध्यानात आले असावे. माझ्या तर आलेच. त्या रात्री मी एक कोरी वही काढली. तेव्हापासून माझा नियम अखंड चालला असे मात्र कोणी समजू नये. ती वही तीनदा बंद पडली, एकदा तर सात महिने.

आधी मनुष्यास धैर्य येते आणि मग तो काम करू लागतो, असा आपला समज असतो. म्हणून आपण धैर्याची वाट पाहत बसतो, व आयुष्य निघून जाते. खरा क्रम उलटा आहे. थोडे काम आधी होते, ते रोज होते, आणि धैर्य त्याच्या मागून, कधी कधी फार उशिराने, चालत येते. ह्याचे उदाहरण शोधण्यास आपणांस परदेशी जावयास नको. ते आपल्याच जिल्ह्यात वावरून गेले आहे.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखल्यांच्या घराण्यात झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे लागे! (मीठ धुतल्यावर उरते किती, हे गृहिणींनीच सांगावे.) अशा घरातल्या मुलीस शाळा कोठून मिळणार? बालवयातच त्यांचे लग्न नारायण वामन टिळक ह्यांच्याशी झाले, आणि जे काही लिहिणेवाचणे त्यांस आले ते लग्नानंतर टिळकांनी घरी शिकविले तेवढेच. टिळक कवी, विद्वान, आणि लहरी. आज येथे तर उद्या कोठे, ह्याचा नेम नसे. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आकाश कोसळले. त्यानंतरची चारपाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, आप्तांच्या आश्रयाने, लहान मुलास घेऊन राहिल्या. लोक कीव करीत, लोक बोलतही.

ह्या वर्षांत एक गोष्ट घडली, तिच्याकडे अभ्यास करणाराने नीट पाहावे. त्यांच्या दुःखाला पद्याचे रूप येऊ लागले. काव्य करावे, नाव मिळवावे असा काही हेतू नव्हता. मनात जे साठले होते ते ओळीत बसवावे, एवढेच. आपल्या पवित्र शास्त्रात असेच एक पुस्तक आहे. विलापगीतात यरुशलेमेच्या नाशाचा आक्रोश आहे, तरी तो आक्रोश सैरावैरा धावत नाही. त्यातील पहिल्या चार गीतांची कडवी हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचिली आहेत. तिसऱ्या गीतात तर प्रत्येक अक्षराला तीन तीन वचने, म्हणजे सहासष्ट. ज्याचे शहर जळाले आहे त्याने अक्षरांचा क्रम कशाला सांभाळावा, असे वाटेल. परंतु ज्याने रडताना क्रम सांभाळला तो रडण्यात बुडाला नाही. अमर्याद दुःखाला कोठे तरी काठ लागतो, आणि तो काठ पुष्कळदा शब्दांचा असतो.

पुढे लक्ष्मीबाई नगरास टिळकांकडे परत आल्या. आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते, आणि टिळकांनीही त्यांवर सक्ती केली नाही. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाला घातला, त्याचा शेवटपर्यंत पाठलाग केला, आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणे वागू लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला, 1900 साली, राहुरी येथे. मनन म्हणतात ते हेच. डोळे मिटून निश्चल बसणे हा त्याचा एक प्रकार असेल, मी त्यास नाव ठेवीत नाही. परंतु एखादा प्रश्न पाण्याच्या हंड्यासारखा डोक्यावर घेऊन दिवसभराची कामे करीत राहणे, आणि तो मध्येच खाली न ठेवणे, हेही मननच होय. मेंढपाळ बेथलेहेमाहून परत गेले, पण मरियेने त्या सर्व गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचा विचार केला असे लूक सांगतो. तिच्यापाशी तेव्हा बाळंतिणीची खोलीही नव्हती, मग एकांत कोठला?

आता ह्या चरित्रातील सर्वांत मोठा भाग. रे. टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईस वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करावे म्हणून त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले होते. दहा अध्याय पुरे झाले होते. अकरावा अर्ध्यावर राहिला. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या विधवा. ज्याने बोट धरून अक्षर शिकविले तो गेला, आणि त्याचे अपुरे हस्तलिखित घरात पडलेले. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पेटीत जपून ठेवले असते व वर्षातून एकदा काढून पाहिले असते. त्यांनी ते पुढे लिहावयास घेतले. एकदोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी रचिले! चौसष्ट अध्याय उत्साहाच्या एका लाटेत होत नसतात. आज चार ओव्या, उद्या दोन, परवा काहीच नाही, तेरवा पुन्हा बैठक, असेच ते काम चालत असते. महाकवीची योग्यता आपल्या अंगी आहे की नाही, ह्याचा निकाल लागेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवरच राहिले असते. ते पुस्तकरूपाने 1938 साली निघाले; ते पाहावयास लक्ष्मीबाई नव्हत्या. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचा अंत झाला होता.

मधल्या काळात मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. 'स्मृतिचित्रे' ह्या नावाने त्या 1934 पासून 1936 पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झाल्या. आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रे मोजताना ह्या पुस्तकाला कोणी वगळीत नाही. माझ्या मते 'ख्रिस्तायना'पेक्षा 'स्मृतिचित्रे' श्रेष्ठ आहे. कोणास हे पटणार नाही, पण त्याचे कारण ह्या पाठास उपयोगी आहे. 'ख्रिस्तायन' लिहिताना त्या टिळकांच्या वाटेने चालत होत्या. 'स्मृतिचित्रां'त त्या स्वयंपाकघरात बसून बोलाव्या तशा बोलल्या आहेत. स्वतःची फजिती सांगतात, नवऱ्याचा विक्षिप्तपणा सांगतात, हसतात, आणि दुःखाच्या ठिकाणी उगीच थांबून राहत नाहीत. पंडिती भाषा त्यांस येत नव्हती. त्यामुळे त्यांची स्वतःची भाषा शाबूत राहिली. ज्या उणेपणाची त्यांस लाज वाटावी असे कोणीही म्हटले असते, त्यातूनच हे पुस्तक निघाले. "आम्ही अडाणी" म्हणणाऱ्या बंधूने हे ध्यानी घ्यावे.

आता कोणी म्हणेल, लक्ष्मीबाईंस थोडे तरी अक्षर येत होते. आमच्या आईला सहीसुद्धा येत नाही, तिने काय करावे? यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय उघडा. संदेष्टा स्वतः लिहीत बसला नाही. तो तोंडाने सांगत गेला आणि नेरीयाचा पुत्र बारूख शाईने गुंडाळीवर लिहीत गेला. आपल्या घरात आजी सांगेल व सातवीतली नात लिहील, तर त्यात कमीपणा कसला? नातीचे अक्षर सुधारेल हा वरचा नफा. ती गुंडाळी यहोयाकीम राजाने हिवाळ्याच्या शेगडीपाशी बसून चाकूने कापली व तुकडा तुकडा जाळली. मग काय झाले? यिर्मयाने दुसरी गुंडाळी सांगितली, बारूखाने ती लिहिली, आणि पहिलीपेक्षा तीत अधिक वचने आली. पाथर्डी, शेवगाव भागातील आपली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. खोपीत वही भिजते, हरवते, पोरे फाडतात. त्यांनी हा अध्याय दोनदा वाचावा.

नित्यनेम कसा चालवावा, ह्याविषयी मला विचारतात. स्तोत्र 119 हेच त्याचे उत्तम पुस्तक आहे. त्यातही वर्णमालेचाच क्रम आहे : बावीस अक्षरे, प्रत्येकास आठ वचने, एकूण एकशे शहात्तर. कवीला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती तो बावीस वेळा नव्या अक्षराने सांगतो. मुलगा पाटीवर अक्षर गिरवितो तसाच हा वृद्ध भक्त आपली भक्ती गिरवीत बसला आहे. आपल्या महाराष्ट्रालाही हे नवे नाही. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी अक्षर कसे काढावे, लेखणी व शाई कशी असावी, ह्यासाठी एक सबंध समास खर्च केला आहे. हात वळला म्हणजे मनही वळते, हे जुन्या लोकांस ठाऊक होते.

तेव्हा रोज एक वचन घ्यावे, एकच. सकाळी वाचून दिवसभर बरोबर ठेवावे, धार काढताना, मोट नाही तर पंप चालू असताना, एस.टी.ची वाट पाहताना. रात्री तारीख घालून त्याविषयी चारपाच ओळी लिहाव्या. चांगल्या नव्हे, खऱ्या लिहाव्या. "आज काही सुचले नाही" हेही खरे असल्यास लिहावे. पान फाडू नये. शनिवारी सहा दिवसांची पाने वाचून त्यातील एक वाक्य रविवारच्या सभेत बोलावे. तीन वाक्ये बोलावी अशी इच्छा झाली तरी पहिले सहा महिने एकच बोलावे. एका धर्मशिक्षकाची वही मी मोठ्या आशेने उघडली, तो तीत कोणी वर्गणी दिली नाही व कोण सभेत झोपले ह्याचीच नोंद आढळली! दुसऱ्यांच्या चुकांसाठी निराळी वही करू नये, आणि ह्या वहीत तर त्यांस मुळीच जागा देऊ नये.

ह्याने हेतू सापडेल काय, आपण कशासाठी जगतो ते कळेल काय, असे तरुण विचारतात. मला एवढे दिसले आहे की हेतू बहुधा आकाशवाणीने येत नाही. तो कोणाच्या तरी अपुऱ्या राहिलेल्या कामाच्या रूपाने घरातच पडलेला असतो. रोजच्या मननाने व लेखनाने आपली दृष्टी त्याजकडे जाते इतकेच. आणि तो सापडल्यावर मोठेपण मिळेल अशी अपेक्षा करू नये. यिर्मयाचा पंचेचाळिसावा अध्याय अवघ्या पाच वचनांचा आहे व तो सारा बारूखासाठी आहे. दुसऱ्याची वचने लिहून लिहून तो थकला, कण्हू लागला. आपणासाठी मोठ्या गोष्टी शोधू नकोस, असे त्यास सांगण्यात आले. जीव मात्र वाचेल, तू जाशील तेथे वाचेल, एवढे अभिवचन मिळाले. बारूखाने लेखणी खाली ठेवल्याचे कोठे लिहिलेले नाही.

येत्या आठवड्यासाठी स्तोत्र 119 ची पहिली आठ वचने घ्यावी, रोज एक, व रविवारी आठवे वचन मंडळीत एकत्र वाचावे. वही नसल्यास गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची मागची कोरी बाजू चालेल. धर्मशिक्षकांनी सभेनंतर कोणाच्याही पानांची तपासणी करू नये. आपलेच पान तेवढे दाखवावे.