वयात येणाऱ्या मुलांच्या प्रश्नांस उत्तर

सहावी-सातवीच्या वर्गात मुलामुलींच्या शरीरात पालट होऊ लागतो. घरी त्याविषयी उघड बोलणे नसते. ‘कावळा शिवला’ एवढेच मुलीच्या कानी पडते, आणि आपणांस काही दुखणे जडले असावे, या समजुतीने ती घाबरते. मुलास झोपेत वीर्यस्खलन झाले, म्हणजे शक्ती क्षीण होते अशी धास्ती बसते व तो भोंदू वैद्याची वाट धरतो. अकोल्याची जठारपेठ असो वा वऱ्हाडातील लहान खेडे असो, मुलांचे प्रश्न तेच असतात.

अशा प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. १९३४ साली वाचकांस दिलेल्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला. पुढे २००७ सालीही महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षण विरोधामुळे थांबविण्यात आले. म्हणून शिक्षकाने पालकांस विश्वासात घेऊनच हा पाठ द्यावा.

पूर्वतयारी : पालकांची सभा घ्यावी. पाठ शरीराची ओळख, स्वच्छता व सुरक्षितता यांचा आहे, कोणाच्या देवधर्मावर टीका करण्याचा नाही, हे स्पष्ट सांगावे. मुलींचा पाठ शक्यतो शिक्षिकेने घ्यावा.

पाठाचा क्रम : मुलांकडून नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्यावेत. वऱ्हाडातील संत गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तर काढीत. तीच रीत येथे उपयोगी पडते. गर्भाशयाचे आतील अस्तर गळून पडते, तीच मासिक पाळी. ती आजार नव्हे, पापही नव्हे. त्या दिवसांत स्नान करावे, घडी वेळोवेळी बदलावी. कापडाची असल्यास धुऊन उन्हात वाळवावी. झोपेतील स्खलनही स्वाभाविक असून त्याने दुर्बलता येत नाही.

दक्षता : नको असलेल्या स्पर्शास नकार देणे व विश्वासू मोठ्या माणसास सांगणे, हे प्रत्येक मुलास शिकवावे. मुलाने असा अत्याचार सांगितल्यास तो पोलिसांस कळविणे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने बंधनकारक आहे. गावात तडजोड करू नये.

प्रश्न विचारणाऱ्या मुलास रागावू नये. उत्तर ठाऊक नसल्यास ‘विचारून सांगतो’ म्हणावे व दुसऱ्या दिवशी न विसरता सांगावे. शाळेत ज्याला गप्प बसविले, तो पुन्हा शिक्षकाकडे येत नाही.