फोटोंचा एवढा धसका कशाला?

लेख तुझा झक्कास होतो गं, पण फोटोंपाशी घोडं अडतं. मग तो आठवडाभर तसाच पडून राहतो. खरं सांगू का, फोटो लावायला वेळ लागतच नाही. वेळ जातो तो निवडण्यात. उकडीच्या मोदकांचे तू ढीगभर फोटो काढतेस, सगळे सारखेच येतात आणि त्यातला बरा कुठला म्हणून रात्री डोळे ताणत बसतेस.

म्हणून फोन हातात घेण्याआधीच ठरव, की शब्द कुठे कमी पडताहेत. ‘पारीला चिमटे काढत कळ्या पाडाव्यात’ हे कितीही सोपं करून लिहिलं तरी पहिल्यांदा करणारीला उमगत नाही बघ. तिथे फोटो हवाच, तोही बोटांसकट. उकड किती मऊ मळली गेली हे दाखवायला दुसरा. आणि तूप सोडलेल्या तयार मोदकांचा तिसरा, तो निव्वळ जीभ खवळावी म्हणून! नारळ खवतानाचा नको, गूळ चिरतानाचाही नको. ते सगळ्यांनी पाहिलंय. तीन पुरेत.

काढताना ओट्यावरची ट्यूब बंद कर आणि ताट खिडकीपाशी ने. ट्यूब आणि खिडकी दोन्हींचा उजेड एकत्र आला, की पांढऱ्या मोदकाचा रंग एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने भलताच दिसतो. आधी लेन्स पदराला पूस. हसू नकोस, स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचं बोट असतंच, आणि आपण उगाच कॅमेऱ्याला नावं ठेवतो.

आता आकाराचं बघ. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल, वजन तीन-चार एमबी. वाचणारी तो फोनवर बघणार, तेही रडतखडत चालणाऱ्या नेटवर. तिला १२०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. ‘स्क्वूश’ नावाचं गुगलच्या क्रोमवाल्यांचं फुकट साधन ब्राउझरमध्येच उघडतं. फोटो त्यात टाक, रुंदी १२०० कर, जेपेग निवड, क्वालिटी ७५ ठेव आणि उतरवून घे. एमबीतला फोटो केबीत येतो आणि बघणारीला फरक कळतही नाही. शिवाय हे सगळं तुझ्याच यंत्रावर होतं, फोटो कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. आयफोनचा फोटो कुठे उघडेना, तर तो ‘एचईआयसी’ प्रकारातला असणार. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स ‘मोस्ट कम्पॅटिबल’ कर, पुढच्या फोटोंची कटकट संपली. आणि फोनवरून लॅपटॉपवर घेताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नकोस, तिथे तो आधीच दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठव.

फाइलला लगेच नाव दे. माझ्याकडे ‘मोदक नवीन’, ‘मोदक नवीन खरा’ आणि ‘मोदक हाच’ असे तिघं अजून नांदताहेत, त्यातला खरा कोण ते देव जाणे.

गुगलवर दिसला म्हणून उचललेला फोटो मात्र नको गं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटोही कलाकृतींतच मोडतो, आणि तो कुणाचा तरी असतो. आपल्याकडे नसलेलं चित्र हवं असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोध. चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. ‘सीसी बाय’ असेल तर काढणाऱ्याचं नाव आणि परवाना द्यायचा, ‘सीसी झीरो’ असेल तर तेवढंही बंधन नाही. दिवाळीच्या लेखाला लक्ष्मी हवी? राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपलाय. त्यांची लक्ष्मी बिनधास्त लाव.

एक चौकट तू दरवेळी रिकामी सोडतेस, ती ‘ऑल्ट टेक्स्ट’ची. ज्या वाचकाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला फोन तेवढंच वाचून दाखवतो. तिथे नुसतं ‘मोदक’ लिहून भागवू नकोस. ‘अंगठा आणि तर्जनीने पारीला कळी पाडताना’ एवढं लिही. फोटो निवडतानाच लिहून टाकलंस तर मागाहून डोकं खाजवावं लागत नाही.

एवढं सगळं पहिल्यांदा एका बैठकीत नाही जमणार, आणि न जमू दे. आधी तीन फोटो आणि १२०० रुंदी, एवढंच सांभाळ. आणि हो, घरात फोटो काढतेस तर कॅमेऱ्याचं लोकेशन आत्ताच्या आत्ता बंद कर. फोटोच्या पोटात घराचा नेमका ठावठिकाणा जाऊन बसतो. मोदक बघून कुणी थेट दारात आलं, तर एवढ्या जणांना वाढणार कोण?