उस्मानाबादचे धाराशिव करताना : एडिटरच्या तक्रारी कशा तपासाव्यात?

समजा तुमच्या शाळेच्या संगणकावर जिल्ह्याची माहिती असलेली एक लांबलचक फाइल आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठही तालुक्यांतील गावे, शाळा, पिके आणि जनावरे तीत नोंदवलेली आहेत. फाइल जुनी असल्याने तीत सगळीकडे ‘उस्मानाबाद’ असे लिहिले आहे. २०२३ साली शासनाने शहराचे व जिल्ह्याचे नाव धाराशिव केले. तेव्हा सरांनी सांगितले, ‘नाव बदलून घ्या.’ काम किती सोपे! एडिटर उघडायचा, ‘शोधा आणि बदला’ म्हणायचे, की झाले.

तसे केल्यावर जनावरांच्या पानावर ‘धाराशिवी शेळी’ अवतरते. आता ‘उस्मानाबादी’ हे शेळीच्या जातीचे नाव आहे. पशुवैद्यकाच्या पुस्तकात ती त्याच नावाने सापडेल, ‘धाराशिवी’ म्हणून सापडणार नाही. आणखी पुढे ‘उस्मानाबादेत पाऊस झाला’ या वाक्याचे ‘धाराशिवेत पाऊस झाला’ झालेले असते, जे कोणी बोलत नाही. आणि इतिहासाच्या पानावर, हैदराबादचे अखेरचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून गावाला धाराशिव हे नाव पडले, असा विनोद झालेला असतो! संगणकाने मात्र सांगितले तेवढेच इमानाने केले आहे.

हे असे का होते, हे समजण्यासाठी एडिटर म्हणजे काय ते आधी पाहू. आज्ञावली लिहिणारे लोक जो एडिटर वापरतात तो साधा मजकूर जसाच्या तसा ठेवतो. ठळक अक्षरे, रंगीत मथळे असली सजावट फाइलमध्ये साठवत नाही. ईमॅक्स आणि व्हीआय हे दोन प्रसिद्ध एडिटर १९७६ च्या सुमाराचे. व्हीआयचा सुधारलेला अवतार व्हिम १९९१ मध्ये आला, आणि आज पुष्कळ जण वापरतात तो व्हीएस कोड २०१५ मध्ये. यांतले जुने एडिटर मुख्यतः इंग्रजी मजकूर डोळ्यांपुढे ठेवून बांधले गेले. मराठीची सोय नंतर झाली, आणि कुठे कुठे ती अजून अर्धवट आहे.

‘धाराशिव’ हा शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. एडिटर मात्र सात चिन्हे मोजतो: ध, काना, र, काना, श, पहिली वेलांटी आणि व. वेलांटी श च्या आधी काढलेली दिसली, तरी साठवताना ती श च्या नंतरच येते. म्हणूनच कर्सर तिथे अडखळल्यासारखा वाटतो. प्रत्येक चिन्हाला युनिकोड या जागतिक पद्धतीत एक क्रमांक आहे आणि फाइलमध्ये तो बहुधा यूटीएफ-८ नावाच्या रीतीने लिहिला जातो. या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे ‘धाराशिव’साठी २१ बाइट. त्यातील ‘ध’चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १६७. देवनागरीच्या मुख्य तक्त्यातील कोणत्याही चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो, आणि दुसरा १६४ किंवा १६५.

ही गोष्ट रोगनिदानाला फार उपयोगी पडते. फाइल उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची गिचमिड दिसली, तर तिच्याकडे नीट पाहा. दर दोन चिन्हांनंतर वर तिरकी रेघ असलेले तेच ते रोमन अक्षर पुन्हा येत असेल, तर तो २२४ आहे. मजकूर शाबूत आहे, एडिटर तो चुकीच्या रीतीने वाचतो आहे एवढेच. फाइल पुन्हा ‘यूटीएफ-८’ म्हणून उघडा. मात्र अशी गिचमिड दिसत असताना ‘सेव्ह’ करू नका, नाहीतर चुकीचे वाचन कायमचे होऊन बसते. जर अशी पुनरावृत्ती दिसत नसेल, तर फाइल कदाचित जुन्या काळच्या एखाद्या मराठी फाँटातली असेल. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे फाँट बदलला की मराठी नाहीशी होते. तिथे एडिटरचा दोष नाही. त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतरच करावे लागते.

आता शोधाकडे परत येऊ. चांगल्या एडिटरात साध्या शब्दाऐवजी ‘नमुना’ देऊनही शोधता येते. अशा नमुन्यांत शब्दाची कड दाखवणारी एक खूण असते. ती दोन्ही बाजूंना लावली की ‘उस्मानाबाद’ तेवढा सापडेल आणि ‘उस्मानाबादी’ सुटेल, असे तुम्हाला वाटेल. पण पायथॉन भाषेच्या नेहमीच्या शोधसंचात नेमके उलटे घडते. तो व्यंजनांना अक्षर मानतो, पण काना, मात्रा, वेलांटी यांना मानत नाही. त्याच्या लेखी द नंतर वेलांटी आली की शब्द संपला! म्हणून ‘उस्मानाबादी’ सापडते आणि बदलते. ‘उस्मानाबादला’मध्ये द नंतर ल हे व्यंजन येते, म्हणून जे बदलायला हवे तेच सुटते. जावास्क्रिप्टमध्ये ही खूण फक्त रोमन अक्षरे ओळखते, त्यामुळे मराठी वाक्यात तिने काहीच हाती लागत नाही.

त्यापेक्षा आपल्याला काय नको ते सरळ सांगावे. नमुना असा लिहा:

उस्मानाबाद(?!ी|े)

याचा अर्थ, ‘उस्मानाबाद शोध, पण त्यापुढे दुसरी वेलांटी किंवा मात्रा असेल तर सोडून दे.’ कंसात वेलांटी एकटी पडल्यामुळे पडद्यावर तिच्याशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ दिसेल, त्याने बिचकू नका. आता शेळीचे नाव सुरक्षित राहते, आणि उस्मानाबादला, उस्मानाबादचा, उस्मानाबादहून ही रूपे नीट बदलतात. ‘उस्मानाबादेत’ वेगळे शोधून ‘धाराशिवमध्ये’ करा. इतिहासाच्या पानापुरते मात्र ‘सगळे बदला’ हे बटण दाबायचेच नाही. एकेक जागा पाहून होय किंवा नाही म्हणायचे. जुन्या कागदाचे शीर्षक, जुन्या संस्थेचे त्या वेळचे नाव, हे तसेच राहिले पाहिजे. कोणते नाव कोणत्या काळचे आहे, हे कोणताही नमुना सांगू शकत नाही.

आणखी एक छुपा शत्रू आहे, आणि शेतीच्या याद्यांत तो हमखास भेटतो. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. एकात खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. तुम्ही एका प्रकाराने शोधले तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले सगळे शेतकरी यादीतून गळतात, आणि बेरीज चुकली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पायथॉनमध्ये चलाला मराठी नाव देता येते. पण त्या नावात हे न दिसणारे चिन्ह असेल तर आज्ञावली चालतच नाही. चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून विद्यार्थी तासन्‌तास कपाळ धरून बसतो. ‘ॲ’चेही असेच: एकसंध ‘ॲ’ युनिकोडात २००८ साली आला, त्यापूर्वीचा मजकूर अ आणि वर चंद्र असा जोडून लिहिलेला असतो. ‘परंडा’ आणि ‘परांडा’ हा फरक निदान दिसतो तरी!

यावर उपाय एडिटरच्या मांडणीतच आहे. बहुतेक एडिटरांत अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय असते. ती चालू ठेवा. व्हिममध्ये कर्सर अक्षरावर ठेवून जी आणि ए या कळा एकामागून एक दाबल्या की चिन्हाचा क्रमांक कळतो. साधा र म्हणजे ०९३०, टिंबाचा ऱ म्हणजे ०९३१.

व्हिम वापरणाऱ्यांची एक खास तक्रार असते: ‘मराठी टंकन चालू केले की एडिटर बहिरा होतो.’ कारण सोपे आहे. व्हिममध्ये जे कळ कर्सर खाली नेते आणि के वर. इन्स्क्रिप्ट कळफलकात त्याच कळांवर र आणि क आहेत. व्हिमला ‘र’ ही आज्ञा ठाऊक नाही. त्याच्या ‘लँगमॅप’ या मांडणीत र म्हणजे जे, क म्हणजे के, असे एकदा लिहून ठेवले की तो ऐकू लागतो.

अशा मांडण्या वाढत जातात आणि एके दिवशी एडिटर विचित्र वागू लागतो. तेव्हा घाईने काहीही पुसू नका. आधी एडिटर मांडणीशिवाय सुरू करा. ईमॅक्स, व्हिम दोघांतही तशी सोय आहे. तक्रार तरीही उरली तर दोष मांडणीत नाही. नाहीशी झाली तर मांडणीच्या निम्म्या ओळी तात्पुरत्या बंद करा. तक्रार राहिली तर दोष चालू असलेल्या अर्ध्यात, गेली तर बंद केलेल्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे दोन भाग करा. ६४ ओळी असतील तर ३२, १६, ८, ४, २, १ अशा सहा पायऱ्यांत दोषी ओळ हाती येते. दोन ओळी एकमेकींशी भांडत असतील तर मात्र ही युक्ती चकवते, कारण कोणत्याही एका अर्ध्यात दोष दिसत नाही. अशा वेळी एकेक ओळ वाढवत जाणे हाच मार्ग.

करून पाहा : ‘तुळजापूर’ या शब्दात किती चिन्हे आणि किती बाइट होतील, ते आधी कागदावर मांडा. मग एवढाच शब्द असलेली फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवून तिचा आकार पाहा. उत्तर २४ पेक्षा एक किंवा तीन बाइटनी जास्त आले, तर शब्दाच्या शेवटी किंवा फाइलच्या अगदी सुरुवातीला एडिटरने तुम्हाला न विचारता काय घातले, याचा शोध घ्या.