ग्राफिक्स कार्डाचे मोल कसे काढावे?



वस्तूची किंमत दुकानदार सांगतो. तिचे मोल मात्र घेणाऱ्याने स्वतः काढावयाचे असते. किंमत एकच आकडा असते. मोल काढताना मात्र 'कशासाठी?', 'कोठे?' आणि 'किती काळ?' असे तीन प्रश्न विचारावे लागतात. हे तीन प्रश्न आज आपण एका नव्या वस्तूला विचारून पाहू. ती वस्तू म्हणजे संगणकावरील खेळांसाठी लागणारे ग्राफिक्स कार्ड.

६ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे एनव्हिडिया कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी आपल्या नव्या कार्डांची घोषणा केली. त्यांपैकी 'आरटीएक्स ५०७०' हे कार्ड ५४९ डॉलरचे. ते आधीच्या पिढीतील सर्वांत बलवान अशा 'आरटीएक्स ४०९०' इतकी कामगिरी देईल, असे त्यांनी सांगितले. हे ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत १,५९९ डॉलर होती. भारतात आरंभीच्या जाहीर किमती अनुक्रमे ५९,००० व १,५५,००० रुपये अशा होत्या. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश किमतीत तेच काम! कृत्रिम बुद्धिमत्तेशिवाय हे शक्य नव्हते, असेही ह्वांग यांनी त्याच वेळी सांगितले होते. त्या वाक्याकडे पुष्कळांचे लक्ष गेले नाही. आपण मात्र ते ध्यानात ठेवू.

आमच्या कळंबला बारावीच्या मुलांत यावरून दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, "सर, याहून स्वस्त सौदा होणे नाही." दुसरा म्हणे, "ही निव्वळ जाहिरात आहे, हे कार्ड घेऊच नये." यवतमाळ जिल्हा कापसाचा. येथील पुष्कळ घरांत ५९,००० रुपये म्हणजे हंगामाच्या हिशेबातील मोठी रक्कम. तेव्हा हा वाद केवळ हौसेचा नाही. तो आवाज चढवून सुटणार नाही; गणिताने मात्र सुटेल.

कार्ड करते तरी काय?

संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. साध्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० व उभ्या ओळीत १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. खेळ चालू असताना असे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावयाचे. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे! प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश, सावली, अंतर यांचे गणित निराळे.

एकट्या हुशार गणितज्ञाला हे जमणार नाही. साधी गणिते करणारे हजारो कारकून एकाच वेळी बसवले तर जमेल. ग्राफिक्स कार्डात नेमके हेच असते. ५०७० मध्ये असे ६,१४४ गणनघटक आहेत, तर ४०९० मध्ये १६,३८४. या घटकांना इंग्रजीप्रमाणे 'कोअर' म्हणतात. दोन पिढ्यांच्या कोअरची तुलना अगदी एकास एक अशी होत नाही. तरी एवढा मोठा फरक नुसत्या सुधारणेने भरून निघणे अवघड, हे उघड आहे.

दुसरी बाब मेमरीची. ५०७० जवळ १२ गिगाबाइट मेमरी आहे व तिच्यातून सेकंदाला ६७२ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. ४०९० चे हेच आकडे २४ आणि १,००८. मेमरी म्हणजे सुताराचे कामाचे टेबल समजा. लाकूड टेबलावर मावले तर काम भराभर होते. न मावले तर कोठारात खेपा घालाव्या लागतात. कार्डासाठी हे कोठार म्हणजे संगणकाची मुख्य मेमरी. तेथून येणारा रस्ता नव्या संगणकातही सेकंदाला सुमारे ६४ गिगाबाइटचा, म्हणजे दसपटीहून अरुंद असतो. त्यामुळे मेमरी अपुरी पडली की खेळ अडखळू लागतो.

मग बरोबरीचा दावा कशाच्या जोरावर?

मधली चित्रे कोठून आली?

तुम्ही लॉगॅरिथमचे कोष्टक वापरले असेल. कोष्टकात दोन संख्यांची मूल्ये दिलेली असतात व मधल्या संख्येचे मूल्य आपण त्यांवरून काढतो. याला अंतर्वेशन म्हणतात. नवे कार्ड चित्रांचे अंतर्वेशन करते. खेळाच्या गणितातून ते दोन खरी चित्रे काढते आणि त्यांच्या मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तीन चित्रेही अंदाजाने भरू शकते. सेकंदाला ३० खरी चित्रे असतील, तर पडद्यावर सुमारे १२० दिसतात. ४०९० ला मात्र दोन खऱ्या चित्रांमध्ये एकच चित्र भरता येते. ही भरीव चित्रेही मोजली तर ५०७० ची बरोबरी दिसू शकते. फक्त खरी चित्रे मोजली, तर ४०९० स्पष्टपणे पुढे राहते.

भरलेल्या चित्रांचा उपयोग नाही असे मात्र नव्हे. त्यांमुळे हालचाल डोळ्याला सलग भासते. पण त्यांची मर्यादा समजण्यासाठी क्रिकेटचे उदाहरण घेऊ. गोलंदाजाने ताशी १२६ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. हा वेग सेकंदाला ३५ मीटर होतो. सेकंदाला ३० चित्रे असतील, तर दोन चित्रांमधील काळात चेंडू ३५ भागिले ३०, म्हणजे सुमारे १.१७ मीटर पुढे जाईल. मध्ये तीन चित्रे भरली, तर उडी २९ सेंटिमीटरची होईल. डोळा खूश!

आता समजा, त्या १.१७ मीटरच्या टापूत चेंडूने टप्पा घेतला. पहिल्या खऱ्या चित्रात तो हवेत आहे, दुसऱ्यातही हवेत आहे. साध्या सरासरीने मधली चित्रे काढली तर चेंडू जमिनीला कधी लागलाच नाही! कार्डाची रीत साध्या सरासरीपेक्षा पुष्कळ हुशार आहे. पण जे घडल्याची नोंद दोन्ही चित्रांत नाही, ते तिला तर्कानेच भरावे लागते.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची. पहिल्या व दुसऱ्या चित्रामधले चित्र काढावयाचे, तर दुसरे आधी तयार हवे. म्हणजे तयार झालेले दुसरे चित्र थोडा वेळ रोखून धरावे लागते. शिवाय तुम्ही दाबलेल्या बटणाचा परिणाम फक्त खऱ्या चित्रातच उमटतो. सेकंदाला ३० खरी चित्रे म्हणजे दोहोंमध्ये ३३ मिलिसेकंद. पडद्यावर चित्रे १२० झाली, तरी हाताला उत्तर मिळण्याचा काळ तीसच्याच हिशेबाने राहतो. किंबहुना किंचित वाढतो. डोळ्याचा लाभ झाला, हाताचा झाला नाही. खरी चित्रे मुळातच ६०-७० असतील तेव्हा ही युक्ती चांगली साधते. ती २०-२५ असतील तेव्हा बरी साधत नाही.

तात्पर्य, पहिल्या पक्षाचे 'तेच काम' हे म्हणणे टिकत नाही. पण तेवढ्याने दुसरा पक्ष जिंकला काय? थांबा.

भागाकाराची गंमत

दावा फुगवलेला आहे, याचा अर्थ वस्तू वाईट आहे असा होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. समजा, एखाद्या खेळात ५०७० सेकंदाला ६० खरी चित्रे काढते आणि ४०९० १०० काढते. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. खेळागणिक ते बदलतील. आता किमतीला चित्रांनी भागा.

५०७० : ५९,००० ÷ ६० = एका चित्रामागे सुमारे ९८३ रुपये.
४०९० : १,५५,००० ÷ १०० = एका चित्रामागे १,५५० रुपये.

एकही चित्र न भरता स्वस्त कार्ड दर रुपयामागे सरस ठरले! शक्तीचेही पाहा. ५०७० ची कमाल शक्ती २५० वॉट आहे, ४०९० ची ४५० वॉट. दर चित्रामागे पहिल्याला सुमारे ४.२ जूल व दुसऱ्याला ४.५ जूल ऊर्जा लागली.

आता एक पायरी पुढे जाऊ. तुमचा पडदाच सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल, तर ४०९० ची उरलेली ४० चित्रे वाया गेली. उपयोगी चित्रामागे त्याची किंमत १,५५,००० ÷ ६० म्हणजे सुमारे २,५८३ रुपये झाली. अशा पडद्यावर चित्रे भरून १२० किंवा २४० करण्याचाही काही उपयोग नाही.

पण भागाकार फसवूही शकतो. घरात पडून असलेल्या जुन्या कार्डाची किंमत आता शून्य. म्हणजे दर चित्राची किंमतही शून्य! म्हणून काय ते सर्वोत्तम ठरले? त्यावर आपले काम होत असेल तर खरोखर ठरले. होत नसेल तर मुळीच नाही. म्हणून आधी गरजेची किमान रेषा आखावी, आणि ती ओलांडणाऱ्या कार्डांतच भागाकार करावा.

वीज आणि कळंबचा उन्हाळा

वीजबिलाची भीती पुष्कळ पालकांना असते. रोज २ तास खेळ, महिना ३० दिवस. २५० वॉटचे कार्ड ०.२५ × ६० = १५ युनिट वीज घेईल, ४५० वॉटचे २७ युनिट. दर युनिटला १० रुपये धरला, तर फरक महिन्याला १२० रुपयांचा. किमतीतील ९६,००० रुपयांच्या फरकापुढे तो किरकोळ आहे. मात्र कोणी चोवीस तास कार्ड राबवीत असेल, तर हाच फरक महिन्याला १४४ युनिटांवर, म्हणजे १,४४० रुपयांवर जातो. वस्तू तीच, वापर बदलला की हिशेब बदलला.

विजेपेक्षा उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे अधिक खरा आहे. कार्डात शिरलेली जवळजवळ सर्व विद्युत ऊर्जा अखेर उष्णताच होते. पंख्याची गती तीच असेल, तर कार्ड आणि खोली यांच्या तापमानांतील फरक ढोबळमानाने शक्तीच्या प्रमाणात राहतो. समजा, २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चाचणी घेताना कार्ड ६६ अंशांवर स्थिरावले. फरक ४४ अंशांचा. मे महिन्यात कळंबला बाहेर पारा ४२ च्या वर आणि खोलीत ४० असेल, तर तेच कार्ड ८४ अंशांवर जाईल. ५०७० साठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ८५ अंश आहे. मर्यादेजवळ येताच कार्डाचे पंखे जोरात फिरू लागतात. तेवढ्याने भागले नाही, तर कार्ड स्वतःचा वेग कमी करते. म्हणजे परदेशातील चाचणीत दिसलेली चित्रे आपल्या खोलीत तितकीच मिळतील, असे नाही. कूलर लावल्याने हवा थंड होते खरी, पण दमटही होते. म्हणून कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. धूळ व कापसाचे तंतू पंख्याच्या पात्यांत अडकतात, तेही वरचेवर साफ करावे.

आणखी एक खर्च जाहिरातीत नसतो. ५०७० साठी कंपनी ६५० वॉटचा वीजपुरवठा संच सुचवते. कार्ड, प्रोसेसर व पडदा मिळून सहज ४०० वॉट लागतात. घरगुती ६०० व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटच पेलतो. वीज गेली की खेळाच्या मध्येच तो हात टेकेल.

खेळापलीकडचे मोल

"हे खेळणेच ना?" असे पालक विचारतील. त्यांना एक इतिहास सांगा. २०१२ साली 'ॲलेक्सनेट' या गणनपद्धतीने चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत मोठी आघाडी घेतली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेतील तो एक महत्त्वाचा टप्पा. तिला शिकवण्यासाठी वापरली होती खेळांचीच दोन कार्डे, प्रत्येकी ३ गिगाबाइट मेमरीची! पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला होता. त्याच संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील वेगवान महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. त्याचे बळही ग्राफिक्स कार्डांच्याच कुळातील प्रोसेसरांत आहे.

परंतु येथेही स्वतःला फसवू नये. प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे गिरवायला असे कार्ड लागत नाही; साधा संगणक पुरतो. त्रिमितीय चित्रे किंवा यंत्रशिक्षण यांचे काम प्रत्यक्ष सुरू झाले असेल, तरच कार्डाचे मोल वाढते, आणि तेव्हा चित्रांच्या संख्येपेक्षा मेमरीचा आकडा आधी पाहावा लागतो.

मग निकाल कोणाच्या बाजूने? पहिल्या पक्षाने चित्रे मोजली, पण कोणती चित्रे ते विचारले नाही. दुसऱ्या पक्षाने दावा तपासला, पण वस्तू तपासली नाही. ५०७० म्हणजे ४०९० नव्हे. तरीही ज्याचा पडदा, खेळ आणि खोली त्याला साजेशी आहे, त्याच्यासाठी ते रास्त ठरू शकते. ज्याचे काम आहे त्या कार्डावर भागते, त्याच्यासाठी ५९,००० रुपये घरातच राहिलेले बरे.

स्वाध्याय

१. पडद्यावर ३,८४० × २,१६० ठिपके असतील व सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर सेकंदाला किती ठिपके रंगवावे लागतील? साध्या पडद्याच्या ते किती पट?

२. आरटीएक्स ५०९० ची कमाल शक्ती ५७५ वॉट आहे. रोज २ तास वापरल्यास महिन्याला किती युनिट लागतील? तुमच्या घरच्या बिलातील दर घेऊन खर्च काढा.

३. चेंडूचा वेग ताशी १४४ किलोमीटर आहे. सेकंदाला ६० खरी चित्रे असतील, तर दोन चित्रांमध्ये तो किती अंतर जाईल?

४. 'दुप्पट', 'बरोबरीचे' किंवा 'सर्वांत वेगवान' असा दावा करणारी कोणतीही एक जाहिरात घ्या. काय मोजले, कशाने भागले आणि कोणत्या परिस्थितीत मोजले, हे तीन प्रश्न तिला विचारा व उत्तरे वहीत लिहा.